पंधरा ऑगस्ट, कुदानशिता

टोकियोतील भारतीय दूतावास चिदोरिगाफुची नावाच्या खंदकाच्या काठी आहे. वसंतात हा काठ चेरीच्या बहराने भरून जातो आणि ते पाहायला लोटणाऱ्या गर्दीला या इमारतीवरचा तिरंगा ओझरता दिसतो. दूतावासाजवळचे मेट्रो स्थानक कुदानशिता. स्थानकातून बाहेर पडून कुदानचा चढ चढू लागले की उजव्या हाताला यासुकुनी देवस्थानाची अजस्र तोरी, म्हणजे प्रवेशकमान, दिसते. डाव्या हाताला राजवाड्याच्या जुन्या तटबंदीआड निप्पोन बुदोकान हे प्रचंड सभागृह आहे. चढ संपवून खंदकाच्या कडेने डावीकडे वळले की आपण भारतात. या तिन्ही जागा एकमेकींपासून पायी काही मिनिटांच्या अंतरावर आहेत.

एरवी या शेजाराचे कुणाला फारसे काही वाटत नाही. पंधरा ऑगस्टला मात्र वाटते. त्या दिवशी बुदोकानमध्ये जपानचे सम्राट आणि पंतप्रधान युद्धातील मृतांना श्रद्धांजली वाहतात. यासुकुनीत सकाळपासून दर्शनार्थींची रीघ लागते. जपानच्या युद्धांत मेलेल्या चोवीस लाखांहून अधिक जणांची नावे तिथे देवत्व देऊन नोंदवलेली आहेत आणि १९७८ पासून त्यांत प्रथम श्रेणीचे चौदा युद्धगुन्हेगारही आहेत. रस्त्याच्या कडेला पत्रके वाटणारे उभे असतात, उजव्या गटांच्या काळ्या गाड्या कर्ण्यांवरून घोषणा देत फिरत असतात, चौकाचौकात पोलीस असतात. आणि या सगळ्यांतून वाट काढत, कुर्ते आणि रेशमी साड्या सावरत, मुलांच्या हातात कागदी झेंडे देऊन भारतीय मंडळी ध्वजवंदनाला निघालेली असतात.

टोकियोत भारतीयांची सर्वांत मोठी वस्ती निशिकासाई भागात आहे आणि तिथून कुदानशिताला येणारी तोझाई मार्गाची गाडी थेट आहे. मी तिथे शिकत असताना, २०११ साली, याच गाडीने गेलो होतो. डब्यात समोरच्या बाकावर काळ्या पोशाखातली वृद्ध माणसे बसली होती. काही बायकांच्या हातांत जपमाळा होत्या. आमच्या बाजूला एका लहान मुलीच्या दोन्ही गालांवर तिरंगा रंगवलेला होता. कुदानशिता आले तेव्हा आम्ही सगळेच उठलो. दाराशी थोडी थांबाथांब झाली. त्यांनी आम्हाला आणि आम्ही त्यांना पुढे जाण्याची खूण केली.

त्या दृश्यात योगायोग आहे असे मला तेव्हा वाटले. तो योगायोग नव्हता.

आपल्या स्वातंत्र्याची तारीख कशी ठरली, हे शाळेत कुणी शिकवत नाही. काँग्रेसचा स्वातंत्र्यदिन होता २६ जानेवारी. १९३० पासून तो पाळला जात होता. ॲटली सरकारने २० फेब्रुवारी १९४७ रोजी जाहीर केलेली मुदत होती जून १९४८ पर्यंतची. माउंटबॅटन यांनी ती अलीकडे ओढली आणि ४ जून १९४७ च्या पत्रकार परिषदेत १५ ऑगस्ट हा दिवस सांगून टाकला. तो का सुचला, याचे कारण त्यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. जपानच्या शरणागतीचा तो दुसरा वर्धापनदिन होता. युद्धात आग्नेय आशियातील दोस्त सैन्याचे ते सरसेनापती होते. १२ सप्टेंबर १९४५ रोजी सिंगापुरात जपानी सैन्याची शरणागती त्यांनीच स्वीकारली होती. तारीख विचारली गेली तेव्हा एका सेनापतीच्या मनात त्याच्या विजयाची तारीख आली, इतकी ही साधी गोष्ट आहे. ज्योतिषांनी हरकत घेतली म्हणून संविधान सभा चौदाच्या मध्यरात्री भरली, हा उपप्रसंग आपण चवीने सांगतो. मूळ तारीख कुणाच्या पंचांगातून आली होती हे सांगायचे मात्र राहून जाते.

म्हणजे त्या मेट्रोच्या डब्यात समोरासमोर बसलेली माणसे एकाच घटनेमुळे तिथे बसली होती. त्यांच्या सम्राटाने १५ ऑगस्ट १९४५ रोजी दुपारी बारा वाजता नभोवाणीवरून युद्ध थांबवल्याचे सांगितले, म्हणून आमच्या मुलीच्या गालावर त्या दिवशी तिरंगा होता.

जपानी लोक या दिवसाला पराभवाचा दिवस म्हणत नाहीत. रूढ शब्द आहे ‘शूसेन’, म्हणजे युद्धसमाप्ती. ‘हाइसेन’, म्हणजे युद्धातील पराभव, हाही शब्द भाषेत आहे आणि तोच वापरला पाहिजे असा आग्रह धरणारे लेखक-विचारवंत तिथे आहेत. पण दिनदर्शिका सौम्य शब्दच पसंत करते. सरकारी नाव १९८२ साली ठरले: युद्धमृतांचे स्मरण आणि शांततेची प्रार्थना करण्याचा दिवस. त्यात भर अशी की हे ओबोनचे दिवस असतात. टोकियोत ओबोन जुलैमध्ये उरकतात, पण बहुतेक देशात तो ऑगस्टच्या मध्यावर येतो. पूर्वज घरी येतात, त्यांच्यासाठी दिवे लावायचे, थडगी धुवायची, चार दिवसांनी त्यांना परत पाठवायचे. आपला पितृपक्ष आणि गावाकडची जत्रा एकत्र केली तर जे होईल तसे काहीसे. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत गेलेल्यांचा तो पहिला ओबोन होता. ज्या घरात मृत्यूनंतरचा पहिला ओबोन असतो तिथे तो अधिक निगुतीने पाळतात, आणि त्या वर्षी ईशान्येच्या किनाऱ्यावर अशी घरे किती होती ते सांगायला नको. वीज वाचवण्याची सक्ती होती. मोठ्या वीजग्राहकांना पंधरा टक्के कपातीचा सरकारी आदेश होता. स्थानकांत निम्मे दिवे बंद, सरकते जिने थांबलेले. भरउन्हाळ्यात शहर अर्ध्या अंधारात होते.

अशा त्या वर्षी आमच्या वसतिगृहातल्या भारतीय विद्यार्थ्यांनी पंधरा ऑगस्ट दणक्यात साजरा करायचे ठरवले होते.

यामागे कारण होते. मार्चनंतर पुष्कळ परदेशी विद्यार्थी देश सोडून गेले. आमच्यातलेही गेले, घरून फोनवर फोन येत होते. जे राहिले त्यांच्यात एक वेगळीच जवळीक निर्माण झाली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे छेचाळीस जवान भारतातून येऊन मियागी प्रांतातल्या ओनागावा गावी काम करून गेले, तेव्हा आम्हाला आपणच काही केल्यासारखे वाटले होते. त्या मनःस्थितीत कुणीतरी म्हणाले की या वर्षी तरी नुसते दूतावासात जाऊन लाडू खाऊन परत यायचे नाही. संध्याकाळी वसतिगृहाच्या अंगणात कार्यक्रम करायचा. एका सातारकर मित्राने मे महिन्यात येताना सामानात सहा लेझिमी आणल्या होत्या. विमानतळावर त्याला त्या काढून वाजवून दाखवाव्या लागल्या, असे तो सांगे. दोन महिने तो दोन पंजाबी, एक तमिळ आणि तीन मराठी मुलांना लेझीम शिकवत होता. शाळेत कवायतीच्या तासाला नाइलाजाने केलेली लेझीम परक्या देशात इतकी प्राणप्रिय होईल असे आम्हाला कुणाला वाटले नव्हते.

वसतिगृहाची व्यवस्था एक सत्तरीपुढच्या बाई पाहत. सगळे त्यांना कानरिनिन-सान म्हणत; व्यवस्थापकाला जपानीत तोच शब्द आहे. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी त्या खोलीवर आल्या. परवानगीच्या अर्जावर त्यांची सही झालेली होती, ती मागे घेण्याची भाषा त्यांनी केली नाही. पंधरा तारीखच हवी का, एवढेच त्यांनी विचारले. मग शेजारी काही घरे म्हाताऱ्या माणसांची आहेत असे म्हणाल्या, आणि जरा थांबून, आपल्या मोठ्या भावाचे थडगे याच भागात आहे हे सांगितले. भाऊ फिलिपिन्सकडे जाणाऱ्या जहाजावर गेला. घरी पांढऱ्या कापडात गुंडाळलेली एक पेटी आली, तिच्यात अस्थी नव्हत्या, एक दगड होता. त्या वेळी अनेक घरांत अशा पेट्या आल्या हे मी पुढे वाचले. त्यांनी हे सारे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. त्या वाकून नमस्कार करून गेल्या.

जपानीत नकार असाच दिला जातो, हे एव्हाना आम्हाला कळू लागले होते. त्या रात्री आमची बैठक बसली आणि ती जवळजवळ पहाटेपर्यंत चालली.

माझे म्हणणे सरळ होते. मी नांदेडचा. आमच्या जुन्या वाड्यात सहा बिऱ्हाडे होती आणि वाड्यात कुणी गेले तर मयत उचलली जाईपर्यंत दुसऱ्या कोणत्याही घरात चूल पेटत नसे. पुढचे दहा दिवस तळण नाही, रेडिओ मोठ्याने नाही. जात वेगळी, कूळ वेगळे, सुतक कुणालाच लागू नाही. पण शेजार म्हणून हे पाळायचे. गेलेला माणूस कसा होता, हा प्रश्न त्यात कधी येत नसे. एक बिऱ्हाडकरू आयुष्यभर सगळ्यांशी भांडला, तरी त्याच्यासाठीही चुली विझल्या. तेव्हा लेझीम पुढे ढकलू, गाणी ध्वनिवर्धकाशिवाय म्हणू, जेवण करू, असे मी सुचवले.

सातारकर म्हणाला, “अरे, वाडा आपला असता तर मीही चूल विझवली असती. पण हे सुतक कुणाचं आहे ते तर विचारशील?” आणि मग त्याने जे सांगितले त्याला आमच्यापैकी कुणाकडेच चटकन उत्तर नव्हते. त्याचे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीच्या चौथ्या बटालियनमध्ये होते. मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या डोंगरात सांगशाक येथे या बटालियनने पन्नासाव्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडबरोबर जपानी सैन्याला पाचेक दिवस अडवून धरले. पाणी नव्हते, काटेरी तारा नव्हत्या, माणसे वेगाने कमी होत होती. तो विलंब पुढे कोहिमा आणि इम्फाळच्या बचावाला उपयोगी पडला असे लष्करी इतिहासकार मानतात. आजोबा परत आले, पण गावातले तिघे आले नाहीत. “त्यांच्या घरी पेटीत दगडसुद्धा आला नाही,” तो म्हणाला.

मग त्याने अंदमान काढले. ते सगळ्यांना नीट माहीत नव्हते म्हणून इथे सांगतो. जपानी सैन्याने मार्च १९४२ मध्ये अंदमान घेतले. सुभाषबाबूंनी ३० डिसेंबर १९४३ रोजी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला. त्यानंतर महिनाभरातच, ३० जानेवारी १९४४ रोजी, होम्फ्रीगंज येथे जपान्यांनी चव्वेचाळीस भारतीयांना हेरगिरीच्या संशयावरून गोळ्या घातल्या. त्यांतले बहुतेक इंडियन इंडिपेन्डन्स लीगचे, म्हणजे त्याच तिरंग्याखालचे लोक होते. सातारकराचा प्रश्न असा होता की या माणसांसाठी जपानात कुणी एक मिनिट उभे राहते का? आणि राहत नसेल, तर आपल्या स्वातंत्र्याच्या दिवशी आपणच का आवाज खाली करायचा? दीडशे वर्षे साहेबाला वाईट वाटेल म्हणून हळू बोललो, आता यांना वाईट वाटेल म्हणून हळू बोलायचे. तो हे बोलताना थरथरत होता.

मी त्याच्याशी सहमत झालो नाही, आजही नाही. पण त्याच्या म्हणण्यातला जोर मला तेव्हाही कळत होता. परदेशी राहणाऱ्या विद्यार्थ्याला यजमानांच्या मर्जीप्रमाणे वागण्याची सवय लागते. भाडेकरार, शिष्यवृत्ती, प्राध्यापकांची शिफारस, सगळे कुणाच्या तरी मर्जीवर असते. सभ्यपणा कुठे संपतो आणि मिंधेपणा कुठे सुरू होतो, ते ज्याला कळते त्याला राग येणारच. माझे म्हणणे इतकेच होते की कानरिनिन-सान आपल्या भावासाठी रडत असतील तर तो निर्दोष असण्याची अट मी त्यांना घालू शकत नाही. राज्यकर्त्यांना घालता येईल, घालायलाही हवी. बहिणीला नाही.

शेवटी सात विरुद्ध पाच मतांनी लेझीम रद्द झाली. सातारकराने लेझिमी कपाटावर ठेवल्या.

पंधराला सकाळी तो ध्वजवंदनाला आला, हे मला विशेष वाटले. राजदूतांनी ध्वज फडकवला, राष्ट्रपतींचा संदेश वाचला, राष्ट्रगीत झाले. खंदकावरच्या झाडांत रातकिडे, म्हणजे तिकडचे सेमी, इतके कर्कश ओरडत होते की संदेशातले निम्मे शब्द ऐकू आले नाहीत. नंतर घोळक्याघोळक्यांनी उभ्या असलेल्या माणसांत एकच विषय होता, अण्णा हजारे. दुसऱ्या दिवसापासून ते दिल्लीत उपोषणाला बसणार होते आणि त्यांना बसू देतील की नाही यावर पैजा लागत होत्या. (दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांना अटक झाली.) राळेगणसिद्धीचा उच्चार कसा करायचा ते मी त्या दिवशी चार अमराठी लोकांना शिकवले.

परत निघालो तेव्हा सातारकर म्हणाला, “चल, तुझ्या सुतकाचं घर बघून येऊ.” म्हणून आम्ही यासुकुनीत गेलो. आवारात युद्धसंग्रहालयाजवळ एका भारतीयाचे स्मारक आहे: न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचे. टोकियोच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणात त्यांनी सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारे स्वतंत्र निकालपत्र दिले होते. हे स्मारक २००५ साली उभारले गेले. आमच्या खिशाला लावलेले तिरंगी बिल्ले पाहून जुन्या लष्करी गणवेशातले एक आजोबा पुढे आले, कमरेत वाकले आणि पाल यांचे नाव घेऊन कितीतरी वेळ आभार मानत राहिले. सातारकराला त्यांचे बोलणे सगळे समजत होते. त्याची जपानी माझ्यापेक्षा चांगली. तो काहीच बोलला नाही. फक्त उलट वाकून नमस्कार केला नाही, आणि जपानात ते न करणे किती जड जाते हे तिथे राहिलेल्यांना ठाऊक आहे.

पाल यांचे निकालपत्र हजारावर पानांचे आहे आणि त्याचे कौतुक करणाऱ्यांनी ते कितपत वाचले असेल याची मला शंका आहे. जपानी सैन्याने अत्याचार केले याचा पुरावा भरपूर आहे, हे पाल यांनी त्यातच स्पष्ट लिहिले आहे. त्यांचा आक्षेप जेत्यांनी मागाहून केलेल्या कायद्याने हरलेल्यांना शिक्षा देण्यावर होता. वसाहतीतून आलेल्या एका न्यायाधीशाला तो आक्षेप सुचावा हे स्वाभाविकच आहे. पण त्या आवारात पाल यांचा दगड उभा केला की निकालपत्रातला पहिला भाग गळून पडतो आणि दुसराच उरतो. परक्या देशात आपले राष्ट्रीयत्व असे आयते कुणाच्या तरी कामी येते. आम्ही दोघे विशीतले विद्यार्थी, बिल्ला लावून उभे राहिलो, तर एका क्षणात कुणाच्या तरी निर्दोषत्वाचे साक्षीदार झालो.

बारा वाजायच्या सुमारास आवार एकदम शांत झाले. बुदोकानमधला मौनाचा क्षण ध्वनिवर्धकावरून जाहीर झाला. सगळे थांबले, काळ्या गाड्याही. कोशिएनच्या मैदानावर शालेय बेसबॉलचा सामनासुद्धा या वेळी थांबतो, भोंगा वाजतो आणि खेळाडू आहेत तिथे टोप्या काढून उभे राहतात. आम्हीही उभे राहिलो; माणसे मौनात असताना चालत राहणे आम्हा दोघांनाही जमण्यासारखे नव्हते. त्या वेळी भारतात सकाळचे साडेआठ झालेले असतात. माझ्या शाळेत, नांदेडला, मुले रांगेत उभी असतील आणि कुणाला तरी ऊन लागून चक्कर आली असेल, एवढे माझ्या मनात येऊन गेले.

संध्याकाळी अंगणात आम्ही गाणी म्हटली, ध्वनिवर्धकाशिवाय. मी घरून आणलेला ध्वज भिंतीवर लावला होता. नांदेडच्या खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतात, आणि हातविणीच्या खादीच्या त्या ध्वजाचा पोत पाहून लोकांनी त्याला हात लावू का असे विचारले. पुरी, छोले, गुलाबजाम. गुलाबजाम फुटले, पण संपले. कानरिनिन-सान कलिंगडाच्या फोडी घेऊन आल्या आणि मागच्या खुर्चीवर तासभर बसल्या. आपल्या दिवसाची तारीख कशी ठरली, ते मी त्यांना सांगितले नाही. सांगण्यापुरती जपानी मला येत होती.

जेवणाला एक कोरियन मुलगी होती, माझ्याच प्रयोगशाळेतली. तिने ताटली हातात घेऊन सहज सांगितले की आज त्यांचाही दिवस आहे. कोरियात पंधरा ऑगस्टला ग्वांगबोकजोल म्हणतात. गेलेला प्रकाश परत आल्याचा दिवस. पस्तीस वर्षांची जपानी सत्ता त्या दिवशी संपली. तिच्या आजीला शाळेत जपानी नाव घ्यावे लागले होते. पण टोकियोत हा दिवस ती कुठे साजरा करत नसे, खोलीत आईशी फोनवर बोलणे एवढेच. यासुकुनीच्या यादीत वीस हजारांहून अधिक कोरियनांची नावे आहेत, त्यांतली काही काढून टाकावीत म्हणून नातेवाइकांनी दावेही लावले आहेत. त्या बाजूला ती कधी फिरकलीही नव्हती. आम्ही मात्र सकाळी जाऊन आलो होतो. ते ऐकून ती काही बोलली नाही आणि कलिंगडाच्या बिया काढत बसली. मग म्हणाली की आजीचे माहेर उत्तरेत राहिले. प्रकाश आला त्याच महिन्यात नकाशावर रेघही आली.

मी तिला १७ सप्टेंबरबद्दल सांगितले. पंधरा ऑगस्ट १९४७ ला आमच्या भागात स्वातंत्र्य आलेच नव्हते. नांदेड हैदराबाद संस्थानात होते. तिरंगा लावणे तिथे गुन्हा होता आणि त्याच दिवशी निजामाच्या सरकारने स्वामी रामानंद तीर्थांना अटक केली. रझाकारांची ती तेरा महिन्यांची मुदत आमच्या आजोबांच्या पिढीला पुरती आठवत असे. पोलीस कारवाईनंतर १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने हार मानली. म्हणून मराठवाड्यात आजही दोनदा झेंडावंदन होते आणि शाळकरी पोरांना दोनदा जिलबी मिळते. पुण्यामुंबईकडे हे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटते. तिला वाटले नाही. एका देशात स्वातंत्र्याच्या दोन तारखा असणे तिला अगदी स्वाभाविक वाटले, आणि १७ सप्टेंबरला या वर्षी काय वार येतो असे तिने विचारले. शनिवार येत होता. सोमवारी जपानातली वृद्धसन्मान दिनाची सुट्टी, म्हणजे जोडून तीन दिवस.

तेव्हा लेझीम १७ सप्टेंबरला झाली. ध्वनिवर्धक होता, ढोलकी होती, कानरिनिन-सान यांनी शेजारच्या म्हाताऱ्या मंडळींना बोलावून पुढच्या रांगेत बसवले होते. बहुतेकांना तो नुसता शनिवार होता. मुक्तिसंग्रामाबद्दल मी सुरुवातीला चार वाक्ये बोललो ती कुणी ऐकली असतील असे वाटत नाही. पंजाब्यांनी लेझमीचा भांगडा केला. तमिळ मुलाचा ठेका शेवटपर्यंत चुकला नाही.

सातारकर आला नाही. त्याने सकाळीच पिशवी माझ्या दाराला अडकवून ठेवली होती. सहाही लेझिमी त्यात होत्या, साखळ्यांना तेल दिलेले होते आणि ज्या एकीची मूठ सैल झाली होती तिला त्याने नवा दोरा गुंडाळला होता.